कपाटावर ठेवलेलं पुस्तक

पत्र :

‘माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. पुस्तक हातात पडलं की जेवायला दहा हाका माराव्या लागतात. गेल्या महिन्यात मी त्याला “रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय” ही इंग्रजी कादंबरी दिली. मी ती कॉलेजात असताना वाचली होती आणि अजून विसरले नाही. एका भाजलेल्या माणसाला मुलं भेटायला जातात, तिथपर्यंत त्यानं वाचलं. त्या रात्री तो झोपेना. दुसऱ्या दिवशी वहिनीनं पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. मला म्हणाली, “ताई, एवढ्याशा पोराला हे कशाला? मोठं झाल्यावर कळायचं ते कळेलच की.” दादा नेहमीसारखा गप्प. आता मी फोन केला की भाचा पहिलं हेच विचारतो, “आत्या, पुढे काय होतं?” काय सांगू त्याला? आणि माझं चुकलं का?’
– एक आत्या

प्रिय आत्या,

नाव तुम्ही लिहिलं नाहीत, तेव्हा भाचा हाक मारतो त्याच नावानं लिहिते.

चुकलं का? थोडं चुकलं. पुस्तक अगदी बरोबर निवडलंत, घोळ झाला तो देताना. असं पुस्तक मुलाच्या हातात ठेवून आपण आपल्या घरी निघून आलो की पुढची रात्र घरातल्यांना निस्तरावी लागते. वहिनीच्या वाट्याला तेच आलं. पुस्तकात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की पोरगं घाबरलंय आणि घाबरवणारी वस्तू उशाशी पडली आहे. ती वस्तू उचलून हात पोचणार नाही अशा जागी ठेवणं कुठल्याही आईला सुचेल. मलाही सुचलं असतं. तेव्हा वहिनीला चार गोष्टी सुनवायच्या तयारीनं फोन करणार असाल, तर जरा थांबा.

पण वाचन थांबलंय ते नेमकं नको त्या ठिकाणी. त्यावर येतेच. आधी, ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

मिल्ड्रेड डी. टेलर या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेची ही कादंबरी १९७६ साली आली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. बालसाहित्यासाठी अमेरिकेत यापेक्षा मोठा मान नाही. टेलरबाईंचा जन्म १९४३चा, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनचा. त्या काही महिन्यांच्या असतानाच घरच्यांनी मिसिसिपी सोडलं आणि उत्तरेला ओहायोत बिऱ्हाड केलं. पण मागे राहिलेल्या गावाच्या गोष्टी वडील सांगत राहिले आणि त्या गोष्टींतूनच लोगन कुटुंब उभं राहिलं. इंग्रजीत ज्याला ‘मिडल ग्रेड’ म्हणतात, म्हणजे साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीची पुस्तकं, त्या खणात हे पुस्तक असतं. माझ्या मते आठ फार लवकर होतं. अकरा बरोबर आहे.

काळ १९३३चा. महामंदीची वर्षं, कापसाला भाव नाही. आजूबाजूची बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं गोऱ्या जमीनदाराची जमीन वाट्यानं कसतात. पीक आलं की अर्धं त्याचं, आणि उरलेल्यातून दुकानाची उधारी वळती. उधारी कधी फिटत नाही. लोगन कुटुंबाचं वेगळेपण एवढंच, की त्यांची स्वतःची चारशे एकर जमीन आहे. त्यातल्या निम्म्या जमिनीवर बँकेचं कर्ज आहे आणि पूर्वी ती ज्यांची होती त्या घराण्यातल्या माणसाला ती परत हवी आहे. कर्जाचे हप्ते आणि कर भरायला वडील दूर लुइझियानात रेल्वेच्या कामावर जातात. आई शाळेत शिकवते. आजी घर आणि शेत बघते. चार मुलं आहेत : बारा वर्षांचा स्टेसी, नऊ वर्षांची कॅसी, सात वर्षांचा ख्रिस्तोफर-जॉन आणि सहा वर्षांचा, कपड्यांना धूळ लागली तरी हवालदिल होणारा ‘लिटल मॅन’. गोष्ट सांगते कॅसी. ही कॅसी तोंडाळ आहे, हट्टी आहे, आणि जग असं का चालतं हे तिला खरोखरच कळत नाही. त्यामुळे वाचणाऱ्या मुलालाही ते तिच्याबरोबरच कळत जातं.

आता पहिल्याच प्रकरणातला एक प्रसंग सांगते. तुमच्या घरातल्या पेचाचं उत्तर मला त्यात दिसतं.

शाळेचा पहिला दिवस. वर्गात पुस्तकं वाटतात. या मुलांना स्वतःची पाठ्यपुस्तकं मिळणार म्हणून अप्रूप. लिटल मॅनला मिळालेलं पुस्तक मळकं, फाटकं असतं. तो बाईंकडे दुसरं मागतो. बाई झिडकारतात. तो गुमान पुस्तक उघडतो, आतल्या पानावर त्याची नजर जाते, आणि हा शहाणा, नीटनेटका पोरगा पुस्तक जमिनीवर फेकून त्यावर पाय आपटायला लागतो. का, ते कोणालाच कळत नाही. मग कॅसी आपलं पुस्तक उघडून बघते. आत एक तक्ता चिकटवलेला आहे. पुस्तक कोणत्या वर्षी दिलं, तेव्हा त्याची अवस्था कशी होती आणि ज्याला दिलं ते मूल कोणत्या वंशाचं. अकरा वर्षं ते पुस्तक गोऱ्या मुलांच्या हातांतून फिरलं. नवं होतं, मग बरं होतं, मग खराब. बारावी नोंद १९३३ची. अवस्था : अतिशय खराब. आणि वंशाच्या रकान्यात कृष्णवर्णीयांसाठीचा तुच्छतेचा शब्द. सहा वर्षांच्या मुलाला वाचता येतं, एवढाच त्याचा गुन्हा. वर्गातल्या बाई दोघांनाही छड्या मारतात.

त्या बाई पुढे हे सगळं मुलांच्या आईच्या कानावर घालतात, कारण आईही त्याच शाळेत शिकवते. आई भांडत नाही. कागद कापते, खळ घेते, आणि त्या तक्त्यावर कागद चिकटवून टाकते. फक्त आपल्या मुलांच्याच नाही, आपल्या वर्गातल्या पुस्तकांवरही. बाई म्हणतात, मुलांना परिस्थिती काय आहे ते शिकावंच लागेल. आईचं उत्तर असं, की शिकावं लागेल हे कबूल, पण ते मान्य करायलाच हवं असं कुठे आहे?

आत्या, वहिनीनं पुस्तक कपाटावर ठेवलं तेव्हा तिनं तो कागदच चिकटवला. त्यात वाईट काही नाही. पण कादंबरीतली आई कागद चिकटवून थांबत नाही. त्याच आईनं पुढे मुलांना हाताला धरून त्या भाजलेल्या माणसाकडे नेलंय. काय झाकायचं आणि काय दाखवायचं हे ती स्वतः ठरवते, आणि जे दाखवते तिथे स्वतः उभी असते. मुलं त्या खोलीत जातात तेव्हा आई त्यांच्यासोबत आहे. तुमचा भाचा त्या खोलीत एकटा गेला. त्याच्या झोपेचं खोबरं झालं ते त्यामुळे, असं मला वाटतं.

म्हणून वहिनीसाठी माझा निरोप एवढाच : पुस्तक खाली काढा, पण आधी ते मुलाला देऊ नका. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा. तेवढंच. वाचायला वेळ नसेल तर आत्यानं फोनवर मराठीत सांगावं. लिटल मॅनचा प्रसंग ऐकल्यावर कुठलीही आई ‘हे कशाला’ म्हणणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण मग ती ‘नको’ म्हणाली तरी काय नको म्हणतेय ते तिला माहीत असेल.

आता ते नको त्या ठिकाणी थांबण्याचं. वॉलेस नावाच्या भावांचं दुकान आहे. गोऱ्यांच्या टोळीनं एका कुटुंबातल्या माणसांना जाळलं, त्यात या भावांचा हात आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी काही करू शकत नाही. आई मुलांना त्या भाजलेल्या माणसाकडे नेते, कारण तिची मुलं त्या दुकानात जाऊन आली आहेत आणि जिथे जातो ती माणसं कोण आहेत हे त्यांना कळावं असं तिला वाटतं. तुमच्या भाच्यानं एवढं वाचलं आणि पुस्तक बंद झालं. त्याच्या डोक्यात आता एक भाजलेला माणूस आहे आणि पुढे काहीच नाही.

पुढे बरंच आहे हो! त्या भेटीहून परतताना आई घरोघर थांबते आणि लोकांशी बोलते : दुसरीकडून माल आणला तर? वॉलेसच्या दुकानात गेलोच नाही तर? तिथून बहिष्कार उभा राहतो. लोकांकडे रोख पैसा नाही, मग उधारीला हमी कोण देणार? आधी लोगन कुटुंब आपली जमीन तारण ठेवायचा विचार करतं. मग एक गोरा वकील म्हणतो, हमी मी देतो. मग याद्या करायच्या, गाडी जोडून लांबच्या व्हिक्सबर्गहून माल आणायचा. अन्यायाविरुद्ध लढणं म्हणजे काय हे मुलांना बहुधा भाषणातून किंवा तलवारीच्या चित्रातून कळतं. इथे ते किराणा मालाच्या यादीतून कळतं. मला या कादंबरीतलं हे सगळ्यात जास्त आवडतं, आणि परीक्षणांत याचा उल्लेख फारसा दिसत नाही याचं नवल वाटतं. असो.

पुस्तक नुसतं भयाण आहे असा समज तुमच्या पत्रावरून कोणाचा होऊ नये म्हणून सांगते, मुलं यात खदखदून हसतातही. गोऱ्या मुलांच्या शाळेला बस आहे, या मुलांना तासभर चालत जावं लागतं. बसचा ड्रायव्हर मुद्दाम अंगावर बस घालून त्यांना चिखलात उडवतो. मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत ही चौघं शाळेतून फावडी आणि बादल्या उचलतात आणि रस्त्यात चर खणून त्यात पाणी भरतात. संध्याकाळी बस त्यात अशी बसते की बस. आमच्या घरी हे पान तीनदा वाचावं लागलं होतं.

आमच्या घरचाच दुसरा एक प्रसंग. कॅसी पहिल्यांदा स्ट्रॉबेरी नावाच्या गावी बाजाराला जाते. दुकानदार यांची यादी घेतो, सामान काढायला लागतो, तेवढ्यात गोरी बाई येते. तो यांना सोडून तिच्याकडे वळतो. मग आणखी कोणी. मग कॅसीच्याच वयाची एक गोरी मुलगी. कॅसीला वाटतं, तो विसरला असेल, म्हणून ती त्याला आठवण करून देते. तो तिला सगळ्यांदेखत हाकलून देतो. माझा धाकटा तेव्हा दहा वर्षांचा होता. मी वाचत होते, त्यानं माझ्या हातातलं पुस्तक खाली केलं आणि म्हणाला, ‘पण नंबर तर तिचा आधी होता ना?’ मी हो म्हटलं. तो म्हणाला, ‘मग?’ मला त्या ‘मग’चं उत्तर देता आलं नाही. बराच वेळ आम्ही तसेच बसलो होतो. मग तो म्हणाला, ‘वाच पुढे.’

पुढे तर आणखी कठीण आहे. त्याच दिवशी रस्त्यात कॅसीचा धक्का एका गोऱ्या मुलीला लागतो. मुलीचा बाप कॅसीचा हात पिरगाळून तिला फुटपाथवरून खाली ढकलतो. कॅसीची आजी धावत येते. आता आजी बघून घेईल, असं वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटतं. आणि आजी कॅसीलाच माफी मागायला लावते.

इथे तुमचा भाचा चिडणार. चिडू द्या. ‘आजी भित्री आहे’ म्हणेल. लगेच आजीची बाजू घेऊ नका. कादंबरी ते काम हळूहळू करते. त्या रात्री हॅमर काकाला हे कळतं तेव्हा तो तावातावानं गाडी काढून निघतो आणि त्याला अडवायला माणूस धावतो. हॅमर काका उत्तरेत शिकागोला राहतो, त्याच्या रागाला तिथे थोडी तरी जागा आहे. इथे त्या रागाचा शेवट फासाच्या दोरात होऊ शकतो, हे आजीला माहीत आहे. घरातली सगळी मोठी माणसं अन्याय ओळखतात, पण तो कसा सहन करायचा, कुठे अडवायचा, यावर त्यांचं एकमत नाही. आई एक करते, काका दुसरं, आजी तिसरं. मुलांच्या पुस्तकात घरातली मोठी माणसं असं एकमेकांशी न जुळणारं वागतात आणि तरी सगळी बरोबर असू शकतात, हे फार कमी वेळा बघायला मिळतं.

मग वडील कॅसीला जंगलात फिरायला घेऊन जातात. हे बोलणं तुम्ही किंवा दादानं भाच्याबरोबर बसून वाचावं असं मला मनापासून वाटतं. दादानं वाचलं तर फारच छान, गप्प राहणाऱ्या माणसाला वाचून दाखवणं सोपं जातं. वडील तिला म्हणत नाहीत की सोडून दे. लढ असंही म्हणत नाहीत. काही ठिकाणी माघार घेता येत नाही, काही ठिकाणी घ्यावी लागते, आणि त्या मुलीचं काय करायचं हे तुझं तू विचार करून ठरव, असा त्यांच्या बोलण्याचा रोख आहे. पुढे बहिष्कारातून काही घरं माघार घेतात तेव्हा ते तिला एक लहानसं अंजिराचं झाड दाखवतात, भोवती ओक आणि अक्रोडाची मोठी झाडं. अंजिराला त्यांच्याएवढं कधीच होता येणार नाही. पण त्याची मुळं खोल आहेत, त्याला फळं येतात, ते वाढत राहतं. वाढणं सोडलं तर मरेल. वडील एवढंच सांगतात. त्या मुलीबद्दल कॅसीनं काय ठरवलं आणि किती दिवस तिची दप्तरं उचलून कसा डाव साधला, ते मी सांगत नाही. भाच्याला त्यात भलताच आनंद होईल.

तो विचारेल, हे खरंच घडायचं का? हो म्हणा. इथे काल्पनिक गोष्ट आहे वगैरे सांगून सुटका करून घेऊ नका. माणसं कल्पनेतली आहेत, काळ खरा आहे. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना ‘वेगळं पण समान’ ठेवायला हरकत नाही असा निकाल दिला आणि त्या आधारावर शाळा, आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ सगळं वेगळं होत गेलं. समान मात्र काही झालं नाही. शाळांपुरता तो निकाल उलटायला १९५४ उजाडलं. म्हणजे लिटल मॅनसारखा मुलगा तोवर सत्तावीस वर्षांचा झाला असता. हा हिशेब भाच्याला स्वतःला करू द्या. मुलांना सनावळीपेक्षा असे हिशेब लक्षात राहतात.

जमावानं केलेल्या हत्यांचं विचारलं तर तेही खरं सांगा, पण बेताबेतानं. तुमच्या माहितीसाठी : टस्कीगी या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेनं ठेवलेल्या नोंदींत १८८२ ते १९६८ या काळातल्या अशा ४,७४३ हत्या आहेत, त्यांतले ३,४४६ जण कृष्णवर्णीय. अशा हत्येला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा झाला तो २०२२च्या मार्चमध्ये. होय, दोन हजार बावीस. हे आकडे रात्री झोपताना सांगायचे नाहीत, एवढं तारतम्य तुम्हाला आहेच.

आणि तो असंही विचारेल, की आपल्याकडे असं काही होतं का? होतं का, आहे का? हा प्रश्न टाळू नका. पण तो त्याच्या तोंडून येऊ द्या. आपणच घाईघाईनं ‘बघ, आपल्याकडेही’ असं सुरू केलं की पुस्तकाचं नागरिकशास्त्र होतं. तसंच ‘बघ, तू किती नशीबवान’ हे वाक्य तर कृपा करून कोणी उच्चारू नये. कॅसीला कोणाची कीव नको आहे.

पुस्तकात कृष्णवर्णीयांसाठीचा शिवीवजा इंग्रजी शब्द बऱ्याचदा येतो. त्यावरून अमेरिकेतल्या शाळांमध्ये या पुस्तकावर आक्षेपही घेतले गेले आहेत. मोठ्यानं वाचताना मी तो शब्द उच्चारत नाही, त्या जागी क्षणभर थांबते. पहिल्यांदा थांबले तेव्हा मुलाला कारण सांगितलं, मग पुन्हा सांगावं लागलं नाही. भाचा मनातल्या मनात वाचणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की हा शब्द दुखवण्यासाठी वापरला जायचा, अजूनही दुखावतो, आणि तो पुस्तकातच ठेवायचा. इंग्रजीचा अडसर वेगळा आहे. संवाद दक्षिणेकडच्या बोलीत आहेत, शब्दांची टोकं खाल्लेली, व्याकरण शाळेतलं नाही. पहिली वीस-पंचवीस पानं मोठ्यानं वाचली की कानाला सवय होते.

आता शेवट. हा परिच्छेद भाच्याच्या हाती लागू देऊ नका. स्टेसीचा एक मित्र आहे, टी.जे. लबाड, लोचट, सारखा कोणावर तरी काहीतरी ढकलणारा. कागद चिकटवलेल्या पुस्तकांवरून आणि गुलामगिरीचा इतिहास शिकवते म्हणून आईची नोकरी जाते, तीही याच्याच चहाडीमुळे. वाचणाऱ्याला तो अजिबात आवडत नाही, आणि टेलरबाईंनी तो तसा मुद्दामच केलाय. कारण शेवटी दोन गोऱ्या मुलांच्या नादी लागून तो एका चोरीत सापडतो, चोरीत दुकानदार मरतो, आणि दोष सगळा टी.जे.वर येतो. जमाव त्याला फासावर द्यायला निघतो. ते थांबवण्यासाठी कॅसीचे वडील जे करतात त्यात त्यांच्याच उभ्या कापसाचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. जमाव पांगतो, पण टी.जे. सुटत नाही. शेवटच्या पानावर कॅसी त्याच्यासाठी रडते, जो तिला कधीच आवडला नव्हता. आणि जमिनीसाठी रडते. पुस्तक तिथे संपतं. दुष्टांना शिक्षा नाही, न्याय नाही. तुमचा भाचा रडला तर रडू द्या. माझा रडला नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलताना उगाच चिडचिड करत होता. मला वाटतं, तेच रडणं होतं.

एवढं सगळं ऐकूनही वहिनी म्हणाली की आत्ता नको, तर आत्ता नको. तिच्या पाठीमागून पुस्तक पोचवायचं नाही. घरात कोणी कोणाला डावलून काही केलं की पोरं ते बरोबर हेरतात. एक मधला रस्ता मात्र आहे. याच लोगन कुटुंबावर टेलरबाईंचं याआधीचं एक छोटं पुस्तक आहे, ‘साँग ऑफ द ट्रीज’, १९७५चं. वडील घरी नाहीत हे बघून एक गोरा माणूस यांच्या जंगलातली झाडं तोडायला येतो, एवढीच गोष्ट. चित्रं आहेत, एका बैठकीत वाचून होतं, त्यात जाळपोळ नाही आणि वडील योग्य वेळी येतात. भाच्याला तीच कॅसी, तोच लिटल मॅन भेटतील. वहिनीलाही ते वाचायला वेळ सापडेल. आधी ते, मग चार-सहा महिन्यांनी मोठं पुस्तक, असं ठरवलं तर कोणाचाच मान जात नाही. लोगन मंडळी नकोशीच झाली असतील तर लोइस लोरी यांचं ‘नंबर द स्टार्स’ बघा. १९४३चं कोपनहेगन, नाझींचा ताबा, दहा वर्षांची ॲनमरी आणि तिची ज्यू मैत्रीण. तिथेही घरानं मिळून घेतलेला धोका आहे, पण भाचा त्यातून निभावून बाहेर येईल.

राहिला फोन. पुढच्या वेळी ‘पुढे काय होतं?’ असं विचारलं तर गोष्ट सांगून मोकळ्या होऊ नका, आणि ‘आईला विचार’ म्हणून तिच्यावर ढकलूही नका. त्याला विचारा, त्या खोलीतून बाहेर आल्यावर कॅसीच्या आईनं काय केलं असेल असं तुला वाटतं? तो जे सांगेल ते ऐका. मग म्हणा, मी आईशी बोलते. आणि वहिनीला फोन करताना आधी ‘माझं चुकलं, मी तुला न सांगता दिलं’ हे म्हणून टाका. पुस्तकाचं नंतर.

अजून एक. कादंबरीत जेरेमी नावाचा एक गोरा मुलगा आहे. बापाचा मार खाऊनही तो या मुलांबरोबर चालत शाळेला जातो. नाताळला तो भीतभीत यांच्या दारात येतो आणि स्टेसीला स्वतः बनवलेली लाकडी बासरी देतो. वडील स्टेसीला समजावतात की या काळात अशी मैत्री पुढे त्रासाची ठरते, कदाचित कधीतरी तसं राहणार नाही, पण आज तसं आहे. मग स्टेसी ती बासरी आपल्या आवडत्या वस्तूंच्या पेटीत ठेवून देतो. भाचा तिथवर पोचला, की त्यानं ती का ठेवून दिली असं त्याला वाटतं, ते विचारा. मी बऱ्याच मुलांना विचारलंय आणि दोन उत्तरं सारखी आलेली नाहीत. त्याचं काय येतं ते मला कळवा.